मेंढपाळांच्या सुरातले नाताळगीत

नाताळ जवळ आला की आपल्याकडे गव्हाणीची तयारी आणि गायनवृंदाचा सराव सुरू होतो. इटलीत या दिवसांत एक गीत घरोघरी ऐकू येते : ‘तू शेंदी दाल्ले स्तेल्ले’. ते रचले संत आल्फोन्सस लिगोरी ह्यांनी. ‘क्रुसाची वाट’ लिहिणारे संत म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्यांचे हे गीत मात्र आपल्याला फारसे ठाऊक नाही.

आल्फोन्सस ह्यांचा जन्म २७ सप्टेंबर १६९६ रोजी नेपल्सजवळ मारियानेल्ला येथे सरदार घराण्यात झाला. वडील आरमारात अधिकारी होते. मुलाने उत्तम संगीत शिकावे म्हणून ते त्याला रोज तासन् तास सरावाला बसवीत. सोळाव्या वर्षी, १७१३ साली, आल्फोन्सस कायद्याचे डॉक्टर झाले. परंतु १७२३ मध्ये एक मोठा दावा हरल्यावर त्यांनी वकिली कायमची सोडली. वडिलांचा विरोध पत्करून ते धर्मगुरू झाले. २१ डिसेंबर १७२६ रोजी त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

१७३० साली ते विश्रांतीसाठी स्काला गावच्या डोंगरावर राहिले. तेथे त्यांना शेळ्यामेंढ्या राखणारे लोक भेटले. श्रद्धेची मूलतत्त्वेही त्यांना कोणी शिकविली नव्हती. नेपल्स शहरात धर्मगुरूंची गर्दी आणि डोंगरावर कोणीच नाही! ही गोष्ट आल्फोन्सस ह्यांच्या जिव्हारी लागली. अशा उपेक्षितांसाठी त्यांनी ९ नोव्हेंबर १७३२ रोजी स्काला येथेच एक संघ स्थापन केला. तोच आजचा रिडेम्प्टरिस्ट संघ.

ह्याच डोंगराळ जीवनाशी त्यांच्या गीताचे नाते आहे. आगमनकाळात आब्रुत्सीच्या डोंगरांतून मेंढपाळ शहरांत उतरत आणि नोव्हेनाच्या दिवसांत रस्त्यावरील पवित्र मरियेच्या मूर्तींपुढे वाद्ये वाजवीत. एकाकडे कातडी पिशवीत हवा भरून वाजवायचे ‘झाम्पोन्या’, तर दुसऱ्याकडे सनईसारखे ‘चारामेल्ला’ असे. चाल संथ, पाळणा हलवावा तशी.

आल्फोन्सस ह्यांना शास्त्रशुद्ध संगीत रचता येत होते. तरीही बाळ येशूसाठी त्यांनी मेंढपाळांचीच धाटणी निवडली. डिसेंबर १७५४ मध्ये नोला येथे प्रवचने चालू असताना त्यांनी हे गीत रचले, अशी परंपरा आहे. स्वर्गाचा राजा आपल्यासाठी थंडीत कुडकुडतो आहे, हा त्याचा भाव. नेपल्सच्या बोलीतील एक नाताळगीतही त्यांच्याच नावावर सांगितले जाते.

१७६२ ते १७७५ ह्या काळात ते बिशप होते. १ ऑगस्ट १७८७ रोजी पगानी येथे त्यांचे निधन झाले. १८३९ साली त्यांना संतपद मिळाले आणि १८७१ साली ख्रिस्तसभेने त्यांना धर्मपंडित म्हणून गौरविले. त्यांचे नीतिशास्त्राचे जाडजूड ग्रंथ अभ्यासक वाचतात, पण त्यांचे गीत लहान मुलेही गातात.

तारणाची वार्ता प्रथम ऐकली ती रानात राहणाऱ्या मेंढपाळांनी. आल्फोन्सस ह्यांनी अशाच लोकांना श्रद्धेचे शिक्षण दिले आणि त्यांचे सूर मंदिरात आणले. ह्या नाताळात आपल्या गव्हाणीपर्यंत कोण पोहोचू शकत नाही, ह्याचा विचार करू या आणि त्यांच्यापर्यंत आपण जाऊ या.