काशीबाई कानिटकर : दुसरीच्या आयुष्यातून स्वतःकडे



मराठी कादंबरीचा आरंभकाळ म्हटला की बाबा पदमनजी, हरी नारायण आपटे ही नावे तुम्हांला लगेच आठवतात. आपट्यांच्याच काळात काशीबाई कानिटकर (१८६१–१९४८) कादंबरी लिहीत होत्या, याचे स्मरण मात्र करून द्यावे लागते. त्यांचे जीवन अभ्यासताना एक प्रश्न मनाशी ठेवा : स्त्रीला स्वतःची ओळख पटण्यासाठी दुसऱ्या स्त्रीची गरज का भासावी?

काशीबाईंचा जन्म आजच्या सांगली जिल्ह्यातील आष्टे येथे बापट घराण्यात झाला. नवव्या वर्षी गोविंद वासुदेव कानिटकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. गोविंदराव इंग्रजी शिकलेले, पुढे कवी आणि न्यायाधीश म्हणून ओळखले गेलेले. अशिक्षित पत्नी त्यांना पसंत नव्हती. दुसरीकडे, सुनेने पुस्तक हाती धरणे घरातील वडीलधाऱ्यांना खपत नव्हते. या कोंडीतून काशीबाईंनी चोरून वाचायला सुरुवात केली. हे वाचन पतीच्या पसंतीस उतरण्यासाठी सुरू झाले. परंतु ते तेथे थांबले नाही, ही गोष्ट नीट लक्षात घ्या. पुढे त्या इंग्रजीही शिकल्या.

१८८२ मध्ये पंडिता रमाबाईंच्या पुढाकाराने पुण्यात आर्य महिला समाज स्थापन झाला. त्या वर्तुळात काशीबाई होत्या. तोवर स्त्रिया एकत्र येत त्या सणावाराच्या वा व्रतवैकल्याच्या निमित्ताने आणि त्यांची ओळख अमक्यांची सून, तमक्यांची बायको अशी असे. आपल्या भाषेतील नात्यांचे शब्द तपासून पाहा. त्यांतील बहुतेक जन्माने वा लग्नाने मिळतात. ‘मैत्रीण’ हे नाते मात्र स्वतः निवडावे लागते. १८८९ च्या मुंबई काँग्रेसला पंडिता रमाबाईंसमवेत ज्या मोजक्या स्त्रिया उपस्थित राहिल्या, त्यांत काशीबाई होत्या.

त्याच १८८९ साली त्यांनी लिहिलेले डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र प्रसिद्ध झाले. आनंदीबाईंचाही विवाह नवव्या वर्षी झालेला. एकीला घरात शिकण्याची मनाई. दुसरीला पती गोपाळराव यांनी शिकण्याची सक्ती केली, प्रसंगी मारही दिला. मनाई आणि सक्ती वरवर परस्परविरुद्ध दिसतात. पण दोन्हींत मुलीच्या इच्छेला स्थान नव्हते. आनंदीबाई १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाची बावीस वर्षेही पूर्ण होण्याआधी, निवर्तल्या. काशीबाईंच्या हाती राहिली ती त्यांची पत्रे. या पत्रांतून दिसणारे वैवाहिक दुःख त्यांनी झाकून ठेवले नाही. गौरवग्रंथ लिहिणे सोपे होते. त्यांनी समवयस्क स्त्रीचे म्हणणे ऐकले. मृत्यूनंतरही निभावलेली मैत्री ती हीच.

आता त्यांच्या कादंबऱ्यांकडे वळू. मासिकातून क्रमशः आलेली ‘रंगराव’ १९०३ मध्ये पुस्तकरूप झाली. स्त्रीने लिहिलेल्या या कादंबरीचे शीर्षक पुरुषाचे नाव आहे. १९२८ च्या ‘पालखीचा गोंडा’मध्ये मात्र सूत्रे नायिकेच्या हाती येतात. एका काल्पनिक संस्थानात मंदबुद्धी राजपुत्राशी लग्न झालेली ही स्त्री राज्यकारभार सांभाळते आणि स्त्रियांना समान अधिकार मिळतील अशी व्यवस्था उभारते. शीर्षकाचा अर्थ स्वतः लावून पाहा. पालखीचा गोंडा मानाचा, शोभेचा. पण पालखी कोठे न्यायची हे गोंडा ठरवीत नाही. घराण्याच्या प्रतिष्ठेसाठी मिरवली जाणारी स्त्री आणि स्वतः दिशा ठरवणारी स्त्री यांतील अंतर या कादंबरीने ओलांडले. शिवाय नायिका एकटीच मुक्त होत नाही. इतर स्त्रियांनाही बरोबर घेते. आर्य महिला समाजाचा अनुभव येथे कल्पिताच्या रूपाने परतलेला दिसतो.

काशीबाईंच्या मर्यादाही नोंदवायला हव्यात. त्यांचे अनुभवविश्व मुख्यतः उच्चवर्णीय, सुशिक्षित घरांचे होते. शेतात राबणारी स्त्री त्यात ठळकपणे येत नाही. समानतेचे पूर्ण चित्र त्यांना काल्पनिक संस्थानातच रेखाटता आले, ही मर्यादा त्यांच्याइतकीच त्यांच्या काळाची आहे. त्यांचे आत्मचरित्र अपूर्णच राहिले. सरोजिनी वैद्य यांनी ते चरित्रासह वाचकांपुढे आणले. जिने दुसरीचे आयुष्य लिहून ठेवले, तिचे आयुष्यही पुढच्या पिढीतील एका स्त्रीनेच सावरले.

दर्यापूरसारख्या तालुक्याच्या गावी शेती आणि संसार सांभाळून अभ्यासाला बसणाऱ्या विद्यार्थिनींना ही गोष्ट परकी वाटू नये. पुस्तक झाकून ठेवावे लागण्याचे दिवस सगळ्याच घरांतून गेलेले नाहीत. अशा वेळी नोट्स पोहोचवणारी, परीक्षेच्या दिवशी मूल सांभाळणारी मैत्रीण साहित्याच्या इतिहासात नोंदली जात नाही. पण तिच्यावाचून तो इतिहास पुढे सरकत नाही.

स्वाध्याय
१. काशीबाई आणि आनंदीबाई यांच्या शिक्षणाच्या वाटांतील साम्य व भेद स्पष्ट करा.
२. ‘रंगराव’ ते ‘पालखीचा गोंडा’ या प्रवासाकडे केवळ शीर्षकांच्या आधारे पाहून तुमचे मत मांडा.
३. तुमच्या परिचयातील एखाद्या वयस्कर स्त्रीला तिच्या मैत्रिणीविषयी बोलते करा आणि तिच्या संमतीने ती हकिगत दीडशे शब्दांत लिहा.