दूध-सहकाराचे जनक कै. त्रिभुवनदास पटेल

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत ज्ञातीतील थोर पुरुषांची चरित्रे छापण्याची प्रथा आहे, आणि ती योग्यच होय. वाडवडिलांच्या गुणांचे स्मरण ठेवल्यावाचून पुढील पिढीस वळण लागत नाही. तथापि यंदा आम्ही ज्यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत ते कै. त्रिभुवनदास किशीभाई पटेल आपल्या ज्ञातीचेही नव्हेत आणि आपल्या भाषेचेही नव्हेत. गुजरातेतील खेडा जिल्हा ही त्यांची जन्मभूमी आणि तीच त्यांची कर्मभूमी. मग त्यांचे चरित्र ह्या पानांवर कशासाठी, असे काही ज्ञातिबांधव विचारतील. त्यांस आमची एवढीच विनंती आहे की, त्यांनी हे चरित्र शेवटपर्यंत वाचावे.

त्रिभुवनदासांचा जन्म २२ ऑक्टोबर १९०३ रोजी आणंद येथे झाला. तारुण्यात ते महात्मा गांधी व सरदार वल्लभभाई पटेल ह्यांच्या प्रभावाखाली आले आणि स्वातंत्र्याच्या चळवळीत पडले. १९३०, १९३५ व १९४२ असा तीन वेळा त्यांस कारावास घडला. तुरुंगाची वारी केलेले कार्यकर्ते त्या काळी गावोगाव होते. परंतु सुटून आल्यावर ज्यांनी गावच्या माणसाच्या रोजच्या मिळकतीचा प्रश्न हाती घेतला आणि तो तडीस नेला, असे थोडेच. त्रिभुवनदास त्या थोड्यांतले होते.

तो प्रश्न दुधाचा होता. खेडा जिल्ह्यात लहान शेतकऱ्याच्या दारी एखाददुसरी म्हैस असावयाचीच. शेतीचे उत्पन्न वर्षातून एकदा-दोनदा हाती येते. म्हैस मात्र सकाळ-संध्याकाळ दूध देते. घरातील मीठमिरची, औषधपाणी, मुलांची वह्यापुस्तके ही त्या दुधावर निघतात. आमच्या शिक्षकी पेशातील बरीच वर्षे खेडेगावांत गेली. ज्या घरी म्हैस दुभती त्या घरचे मूल वहीवाचून शाळेत येत नसे, आणि म्हैस भाकड झाली की त्याच मुलाची पाटी कोरी राही, हे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. परंतु दूध हा फार नाजूक माल आहे. धान्य कणगीत घालून भाव येईपर्यंत थांबता येते; सकाळचे दूध दुपारपर्यंत विकले नाही तर नासून जाते. विकणाऱ्याची ही अडचण घेणारा पुरता ओळखून असतो. म्हणून दुधाच्या व्यवहारात शेतकऱ्याची मान नेहमीच दलालाच्या हाती राहिली.

आणंद येथे पोल्सन कंपनीची लोण्याची मोठी डेअरी होती. १९४५ साली मुंबई सरकारने शहरास चांगले दूध पुरविण्याची योजना काढली, तेव्हा चारशे किलोमीटरांहून अधिक अंतरावरील आणंदहून दूध आणण्याचे काम ह्याच कंपनीकडे आले. कंपनी दलालांमार्फत दूध घेई. मुंबईत दुधास भाव आला, कंपनीस नफा झाला, दलालांनी आपला वाटा काढला. ज्याने पहाटे उठून वैरण घातली आणि धार काढली त्याच्या पदरात मात्र पूर्वीइतकेच पैसे पडत राहिले.

गांजलेले शेतकरी सरदार पटेलांकडे गेले. दूध गोळा करणे, त्यावर प्रक्रिया करणे आणि ते विकणे ही तिन्ही कामे शेतकऱ्यांनी आपली सहकारी संस्था काढून स्वतःच करावीत, असा सल्ला सरदारांनी दिला. सरकारने मागणी नाकारली तर दूध देणे बंद करावे लागेल आणि त्यात नुकसान सोसावे लागेल, ह्याचीही त्यांनी आधीच जाणीव दिली. पुढे त्यांनी मोरारजी देसाई ह्यांस खेडा जिल्ह्यात पाठविले. ४ जानेवारी १९४६ रोजी सामरखा गावी सभा भरली. गावोगाव सोसायट्या स्थापाव्यात, त्यांचा मिळून जिल्ह्याचा एक संघ असावा आणि सरकारने दूध त्या संघाकडूनच घ्यावे, असे तेथे ठरले.

सरकारने ही मागणी मान्य केली नाही. तेव्हा खेड्यातील शेतकऱ्यांनी पंधरा दिवस दलालांस दूध घातले नाही. घरी एकच म्हैस असलेल्या कुटुंबाने पंधरा दिवस दुधाचा पैसा न पाहणे म्हणजे काय, हे आपल्यापैकी ज्यांच्या गोठ्यात जनावर आहे त्यांस सांगावयास नको. मुंबईची योजना अडली. शेवटी मुंबईच्या दूध आयुक्तांनी येऊन परिस्थिती पाहिली आणि शेतकऱ्यांची मागणी मान्य झाली. १४ डिसेंबर १९४६ रोजी खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची नोंदणी झाली आणि त्याचे अध्यक्षपद त्रिभुवनदासांकडे आले. आरंभीचे भांडवल म्हणजे दोन गावच्या सोसायट्या आणि दिवसाचे सुमारे अडीचशे लिटर दूध. संप जिंकणे सोपे, संस्था चालविणे कठीण. त्रिभुवनदास गावोगाव फिरले, लोकांस समजावीत राहिले. १९४८ च्या अखेरीस सभासद ४३२ झाले आणि दूध दिवसाला ५,००० लिटरांवर गेले.

गावच्या सोसायटीची रीत कशी आहे ती येथे सांगणे अवश्य आहे, कारण सारे मर्म तिच्यात आहे. सकाळ-संध्याकाळ सभासद आपले दूध घेऊन सोसायटीच्या दारी येतात. दूध मापले जाते, त्यातील स्निग्धांश, म्हणजे ज्यास आपण फॅट म्हणतो तो, तपासला जातो आणि त्याप्रमाणे पैसे दिले जातात. म्हशीचे दूध गाईच्या दुधापेक्षा दाट. त्यात साधारण सात टक्के फॅट असते. दलाल मापानेच भाव करी, तेव्हा पाणी घालणाऱ्याचे फावे आणि प्रामाणिक माणूस फसे. तपासणी सुरू झाल्यावर सचोटीस दाम मिळू लागला. पाच म्हशी असणाऱ्यास एक मत आणि एकच म्हैस असणाऱ्यासही एकच मत. सोसायटीची समिती सभासद निवडतात, आणि सोसायट्यांचे अध्यक्ष जिल्हा संघाचे संचालक मंडळ निवडतात. संघ दुधावर प्रक्रिया करतो, विक्री करतो, आणि नफा पुन्हा गावाकडे वळतो. जनावरांच्या डॉक्टरची गाडी, कृत्रिम रेतनाची सोय, सकस पशुखाद्य हे सारे त्याच पैशातून उभे राहिले.

आणि ती रांग! जो आधी येईल तो पुढे, एवढाच तेथला नियम. ज्या गावांत एका आळीचा माणूस दुसऱ्या आळीच्या घरचे पाणी पीत नसे, त्याच गावांत पाटीदार, बारिया, हरिजन, मुसलमान अशा सर्वांच्या घरचे दूध एकाच कॅनमध्ये ओतले जाऊ लागले. एकदा कॅनमध्ये पडलेले दूध कोणाच्या घरचे, हे कोणी सांगू शकेल काय? व्याख्यानांनी जे साधले नव्हते ते ह्या कॅनने थोडेफार साधले. ज्ञातीज्ञातींतील अंतर त्यामुळे नाहीसे झाले असे आम्ही म्हणत नाही. ते आजही आहे. परंतु दिवसातून दोन वेळा एका रांगेत उभे राहण्याची सवय माणसास लागली, हे लहान काम नव्हे.

त्रिभुवनदासांचा मोठेपणा आम्हांस ज्या प्रसंगात सर्वाधिक दिसतो तो पुढील होय. १३ मे १९४९ रोजी व्हर्गीस कुरियन नावाचा केरळीय तरुण आणंद येथील सरकारी दुग्धशाळेत नोकरीवर आला. सरकारी शिष्यवृत्तीवर तो अमेरिकेत शिकून आला होता आणि त्या बदल्यात येथे काही काळ नोकरी करणे त्यास भाग होते. तो ख्रिस्ती, मांसाहारी आणि अविवाहित. गावात त्यास कोणी घर देईना, म्हणून मोटार ठेवण्याच्या खोलीत त्यास राहावे लागले. हा तरुण कंटाळून निघून जाण्याच्या बेतात होता. संघाची यंत्रे जुनाट होती, ती वारंवार बिघडत आणि तोच ती दुरुस्त करून देई. त्याची नोकरी सुटताच त्रिभुवनदासांनी त्यास थोडे दिवस थांबून नवी यंत्रे बसवून देण्याची गळ घातली. ते थोडे दिवस म्हणजे पुढचे सारे आयुष्य झाले. डॉ. कुरियन ह्यांची कीर्ती सर्वांस ठाऊक आहे. परंतु ज्याने त्यांस ओळखले आणि ठेवून घेतले त्या अध्यक्षाचे नाव थोड्यांस ठाऊक असते.

विचार करावा, की त्या जिल्ह्यात त्रिभुवनदासांचे स्वतःचे ज्ञातिबांधव काय थोडे होते? व्यवस्थापकाची खुर्ची आपल्या माणसास द्यावी, असे त्यांस कोणी सुचविले असते तर त्यात नवल नव्हते. त्यांनी गुण पाहिला. इतकेच नव्हे, तर एकदा काम सोपविल्यावर रोजच्या कारभारात ढवळाढवळ केली नाही. सभासदांचा विश्वास सांभाळणे आणि राजकारणाची झळ संघास लागू न देणे, हे काम त्यांनी आपल्याकडे घेतले.

लवकरच नवी अडचण आली. म्हशीचे दूध हिवाळ्यात, म्हणजे पुष्टकाळात, उन्हाळ्याच्या जवळजवळ दुप्पट होते. मुंबई हे वाढीव दूध घेईना. त्याची भुकटी करावी तर म्हशीच्या दुधाची भुकटी होतच नाही, असे परदेशी तज्ज्ञांचे मत होते. कुरियन ह्यांचे अमेरिकेतील स्नेही हरिचंद दलाया ह्यांनी प्रयोगाने ते मत खोटे ठरविले. युनिसेफने यंत्रसामग्री दिली, न्यूझीलंड देशाने साह्य केले, आणि ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी, सरदारांच्या जयंतीदिनी, पंडित नेहरूंच्या हस्ते आणंदच्या नव्या कारखान्याचे उद्घाटन झाले. ह्याच संघाचा माल पुढे अमूल ह्या नावाने घरोघरी गेला.

१९६३ साली त्रिभुवनदास, डॉ. कुरियन आणि मुंबईच्या दूधयोजनेचे दारा खुरोडी ह्या तिघांस मिळून मॅगसेसे पारितोषिक देण्यात आले. एक पाटीदार, एक ख्रिस्ती, एक पारशी. दूध मात्र एक. १९६४ साली त्रिभुवनदासांस पद्मभूषण मिळाले. त्याच वर्षी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री खेडा जिल्ह्यात आले, एका खेड्यात रात्रभर राहिले आणि ही पद्धती सर्व देशात नेण्याचा निश्चय करून गेले. १९६५ साली आणंद येथे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ स्थापन झाले आणि १९७० पासून दुधाच्या महापूर योजनेने ही पद्धती प्रांतोप्रांती पोहोचविली. १९९८ च्या सुमारास भारत दुग्धोत्पादनात जगात पहिला झाला आणि आजही तो मान टिकून आहे. ह्या दुधाचा फार मोठा भाग म्हशीचा आहे, आणि तो बहुतांशी लहान गोठ्यांतून येतो.

१९७० नंतरच्या वर्षांत त्रिभुवनदासांनी आपण होऊन अध्यक्षपद सोडले. त्या वेळी गावोगावच्या सभासदांनी रुपया-रुपया जमवून त्यांस सहा लाख रुपयांची थैली अर्पण केली. ती रक्कम त्यांनी घरी नेली नाही. तिच्यातून खेडा जिल्ह्यातील स्त्रिया व बालके ह्यांच्या आरोग्यासाठी संस्था काढली. म्हशीचे शेण काढण्यापासून धार काढण्यापर्यंतचे कष्ट बहुतेक घरांतील स्त्रीच करते, तिच्याकडे ते पैसे अशा रीतीने परत गेले. ३ जून १९९४ रोजी त्यांचे देहावसान झाले. २०२५ साली संसदेच्या कायद्याने आणंद येथे सहकाराचे जे विद्यापीठ स्थापन झाले त्यास त्यांचेच नाव देण्यात आले आहे.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. आपले मंडळ हीदेखील एक संस्थाच आहे. विद्यार्थ्यांस साह्य, वधूवर मेळावे, वसतिगृह ही कामे ते करते आणि ती त्याने करीत राहावीत. परंतु आपली अनेक कुटुंबे खेड्यात आहेत, त्यांच्या दारी म्हैस आहे, आणि त्यांचे दूध गावच्या डेअरीत इतर सर्वांच्या दुधात मिसळते. त्या डेअरीच्या निवडणुकीत ज्ञातीचा उमेदवार म्हणून मत मागितले जाते आणि दिलेही जाते, हे आपण जाणतो. अशा मतांनी निवडलेल्या समितीने फॅटच्या तपासणीत कोणाचे झुकते माप धरले तर त्या दिवशी दुसऱ्याचे नुकसान होते, आणि पुढे संस्था बुडाली की सर्वांचेच होते. ज्ञातीचे प्रेम मंडळात असावे. डेअरीच्या दारी काटा आणि तपासणी खरी असावी. हे दोन्ही एकाच माणसास साधते, ह्याचे उदाहरण त्रिभुवनदासांनी घालून दिले आहे. तिसरी गोष्ट म्हणजे पद वेळेवर सोडणे. ती मंडळासही लागू आहे आणि डेअरीसही.

आपल्या तरुण ज्ञातिबांधवांनी हे चरित्र वाचावे, घरातील वडीलधाऱ्यांनी ते मुलांस वाचून दाखवावे, आणि आपापल्या गावच्या सोसायटीत सचोटीने वागण्याचा निश्चय करावा, एवढीच आमची प्रार्थना आहे.