मोबाइलच्या फोटोत चंद्र टिकलीएवढा का येतो? ॲन्सेल ॲडम्सची गोष्ट

ढाणकीच्या शिवारात पौर्णिमेचा चंद्र कितीही मोठा दिसो, मोबाइलच्या फोटोत तो टिकलीएवढाच येतो. याच चंद्राने अमेरिकन फोटोग्राफर ॲन्सेल ॲडम्सलाही चांगलंच पळवलं होतं.

१९०२ साली सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला ॲडम्स खरं तर पियानो शिकत होता. १९१६ साली कोडॅकचा साधा कॅमेरा घेऊन तो योसेमिटीच्या दरीत गेला आणि डोंगर काही सुटले नाहीत.

१ नोव्हेंबर १९४१. न्यू मेक्सिकोतलं हर्नांडेझ गाव. मावळतीचं ऊन कबरींवरच्या क्रुसांवर आणि वर चंद्र! लाइटमीटर सापडेना. चंद्राच्या उजेडाचा आकडा पाठ होता, त्यावरून हिशेब करून त्याने फोटो घेतला. दुसऱ्याची तयारी होईपर्यंत ऊन गेलं.

२८ डिसेंबर १९६०ला योसेमिटीत त्याने हॅसलब्लॅडला २५० मिमीची लेन्स लावली. आता लांब लेन्स काही एकट्या चंद्राला मोठं करत नाही, कडाही तेवढाच मोठा होतो. खरी मेख अंतरात आहे. कड्यापासून लांब गेलं की कडा लहान दिसतो, चंद्र मात्र तेवढाच राहतो. मग लेन्स दोघांना जवळ ओढते. हाफ डोम कड्याशेजारी चंद्र ठसठशीत आला.

१९८४ साली ॲडम्स गेला. पुढच्याच वर्षी सिएरा नेवाडातल्या एका शिखराला त्याचं नाव मिळालं.