पुणे म्युनिसिपालिटीतील जोतीराव

महात्मा जोतीराव फुले यांच्या चरित्रातील मुलींची शाळा, पाण्याचा हौद आणि सत्यशोधक समाज ही तीन प्रकरणे आपल्या माळी समाजातील लहान मुलांनाही ठाऊक असतात. जयंतीच्या व्याख्यानांतून ती दरसाल सांगितली जातात आणि ती तशी सांगितली जावीत हे योग्यच आहे. तथापि जोतीराव सुमारे सहा वर्षे पुणे म्युनिसिपालिटीचे सभासद होते, आणि रयतेच्या खिशातून आलेला पैसा अखेर कोणाच्या कामी लागतो या एकाच प्रश्नाचा पाठपुरावा त्यांनी तेथे व तेथून बाहेर पडल्यावरही चालविला, ही हकिकत तितकीशी कोणी सांगत नाही. म्हणून त्यांच्या चरित्राचा तेवढाच भाग येथे समाजबांधवांपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ रोजी झाला. घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. आजोबा शेटीबा पुरंदर तालुक्यात खानवडीस येऊन राहिले. त्यांचे पुत्र पुण्यात पेशव्यांच्या दरबारी फुले पुरवू लागले आणि त्या व्यवसायावरून फुले हे आडनाव रूढ झाले. वडील गोविंदराव भाजी व फुलांचा धंदा करीत. मातोश्री चिमणाबाई लेकरू तान्हे असतानाच निवर्तल्या. पुढे स्कॉटिश मिशनच्या शाळेतील शिक्षण, १८४० मध्ये सावित्रीबाईंशी विवाह आणि १८४८ मध्ये भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा, हा क्रम सर्वांस परिचित आहे. तो येथे विस्ताराने सांगण्याचे प्रयोजन नाही.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवावयास हव्यात. पहिली अशी की, जोतीराव केवळ विचारवंत नव्हते. ते शेती करीत, व्यापार करीत आणि सरकारी बांधकामांची कंत्राटेही घेत. दगड-चुन्याचा भाव काय, मजुराच्या हाती किती पडते आणि कागदावर किती लिहिले जाते, हे त्यांनी स्वतःच्या धंद्यात पाहिले होते. अंदाजपत्रक पुढे आले असता त्यातील फुगवटा कोठे आहे हे कळावयास जी नजर लागते, ती त्यांना अशी घरच्या व्यवहारातून लाभली होती.

दुसरी गोष्ट दक्षिणा फंडाची. पेशवाईत श्रावण महिन्यात विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा वाटण्याची प्रथा होती. इंग्रजी अमलात ती कमी प्रमाणावर पण चालू राहिली. १८४९ च्या सुमारास पुण्यातील काही सुधारक ब्राह्मणांनीच अशी मागणी केली की, या रकमेचा काही भाग उपयुक्त मराठी ग्रंथांच्या उत्तेजनार्थ खर्च व्हावा. सनातन्यांनी मोठे वादळ उठविले. त्या वेळी अवघ्या बावीस वर्षांचे जोतीराव आपली माणसे घेऊन या अर्जदारांच्या रक्षणास उभे राहिले. पुढे त्यांच्या शाळांस याच दक्षिणा फंडातून सरकारने दरमहा मदत मंजूर केली. पिढ्यान् पिढ्या एका वर्गाकडे जाणारा पैसा मागणी रेटली तर मुलींच्या व अस्पृश्यांच्या शाळेकडे वळविता येतो, हा अनुभव त्यांना ऐन तारुण्यात आला, आणि तो ते कधी विसरले नाहीत.

१८७६ मध्ये सरकारने त्यांना पुणे म्युनिसिपालिटीवर नेमले. त्या काळी सभासद लोकांनी निवडून द्यावयाचे नसत. बडे अधिकारी, सरदार, सावकार व वकील अशांच्या नेमणुका होत. त्यांत भाजीवाल्याचा हा मुलगा बसला. म्युनिसिपालिटीच्या तिजोरीत येणाऱ्या पैशाचा मुख्य झरा जकात हा होता. घरपट्टी व जकात यांतील भेद येथे समजून घेतला पाहिजे. घरपट्टीची आकारणी घराच्या भाड्याच्या किमतीवरून होते. ज्याचा वाडा मोठा त्याला आकारणी मोठी, आणि आपण किती देतो हे त्याला बिलावर दिसते. जकातीचे तसे नाही. शहराच्या नाक्यावर धान्याचे पोते किंवा भाजीची पाटी अडली की पैसा तेथेच वसूल होतो. तो देतो शेतकरी, किंवा वाढलेल्या भावाने अखेर चुकवितो तो पेठेतला गोरगरीब. आपण कर भरला याचा त्याला पत्ताही नसतो, मग हिशेब विचारणे दूरच राहिले. जोतीराव सभेत बसून ज्या पैशाविषयी बोलत होते तो बव्हंशी असा होता.

त्यांची कारकीर्द सुरू झाली ती दुष्काळाच्या तोंडावर. १८७६-७७ च्या त्या भीषण वर्षांत सत्यशोधक समाजाच्या वतीने त्यांनी धनकवडी येथे अन्नछत्र चालविले आणि निराश्रित मुलांना पोसले. सकाळी उपाशी पोरांच्या पंगती पाहावयाच्या व नंतर सभेत जाऊन मंजुरीचे कागद पाहावयाचे, असा तो काळ होता. १८८० मध्ये शहरात दारूचे गुत्ते वाढू लागले, तेव्हा त्यांनी म्युनिसिपालिटीच्या व्यवस्थापक मंडळाच्या अध्यक्षांस लेखी कळविले की, नागरिकांच्या आरोग्याची जबाबदारी जिच्यावर आहे त्या संस्थेने ही दुकाने मुकाट्याने पाहत राहू नये; आणि त्यांवर नगरपालिका काही कर बसविते किंवा कसे, हा प्रश्नही त्यांनी उपस्थित केला. भाजीच्या पाटीवर जकात घेणाऱ्यांना दारूच्या पिंपाचा विसर पडावा, हे त्यांना सहन होण्यासारखे नव्हते.

व्हाइसरॉयच्या स्वागताचा प्रसंग याच सुमाराचा. चरित्रकार लॉर्ड लिटन यांचे नाव सांगतात. पाहुण्यांस मानपत्र व शहरात शोभा यांकरिता एक हजार रुपये मंजूर करावेत असा ठराव अध्यक्षांकडून आला. आज ही रक्कम क्षुल्लक वाटेल. परंतु शाळामास्तरास महिना १२ रुपये तरी मिळावेत अशी जोतीरावांची पुढे मागणी होती, हे ध्यानी घेतले म्हणजे एका हजारात किती वर्षांचा मास्तर मिळाला असता याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. जोतीरावांनी सभेत उभे राहून हा खर्च अनाठायी आहे व तो पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे लावावा, असे स्पष्ट सांगितले. ठरावाविरुद्ध मत देणारे ते एकटेच निघाले. साहेबाच्या मर्जीने नेमलेल्या सभासदाने साहेबाच्याच स्वागताला हरकत घ्यावी यास किती धैर्य लागत असेल! इतरांपैकी काहींना मनातून तसेच वाटत असावे, पण हात कोणाचा वर झाला नाही.

यापुढचा प्रसंग आपल्या समाजास अधिक निकटचा, आणि खरे सांगावयाचे तर थोडा अडचणीचाही आहे. पुण्यातील भाजीबाजार तेव्हा शनिवारवाड्यापुढील उघड्या पटांगणात भरे. लाखांच्या घरात खर्च करून मोठी दगडी मंडई बांधावी अशी योजना निघाली. आपलेच लोक तेथे विक्रीस बसत. डोक्यावर छप्पर येणार होते ते त्यांच्याच. एखाद्या जातभाई पुढाऱ्याने अशा प्रसंगी काय केले असते हे निराळे सांगावयास नको. जोतीरावांनी योजनेस विरोध केला. शहरात मुलांना शाळा नाहीत आणि रयतेचा इतका पैसा इमारतीच्या डौलावर जावा हे त्यांस मान्य नव्हते. तरीही मंडई झाली. अष्टकोनी, मधोमध उंच मनोरा असलेली ती इमारत १८८६ मध्ये पुरी झाली व तत्कालीन गव्हर्नरांच्या नावाने तिला रे मार्केट म्हणू लागले.

प्रस्तुत लेखकास असे वाटते की, मंडईच्या उपयोगाविषयी जोतीरावांचा अंदाज काहीसा कठोर होता. भर पावसात चिखलात बसणाऱ्या माळणींना त्या छपराचा आधार झाला आणि आपल्यातील कित्येक घरांचा चरितार्थ आजवर त्या गाळ्यांवर चालत आला आहे. परंतु मंडई हवी की नको एवढाच त्यांचा सवाल नव्हता. आधी काय व मागाहून काय, हा होता. आणि स्वजातीच्या तात्कालिक लाभापलीकडे पाहून त्यांनी तो विचारला, याचे मोल कमी लेखता येणार नाही.

सभागृहात जे एकट्याने बोलावे लागले ते मोठ्या व्यासपीठावर मांडण्याची संधी १८८२ मध्ये आली. हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी निवेदन सादर केले. त्याखाली स्वतःचा परिचय देताना त्यांनी व्यापारी, शेतकरी व म्युनिसिपल कमिशनर, राहणार पेठ जुना गंज, असे लिहिले. सभासदास तेव्हा कमिशनर म्हणत. निवेदनाचा गाभा कराच्या हिशेबाचा आहे. त्या काळी शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंडाचा उपकर घेतला जाई व त्याचा एक-तृतीयांश भाग शिक्षणासाठी म्हणून राखलेला असे. जोतीरावांनी आयोगास सांगितले की, शिक्षणाच्या नावाने खास उपकर गोळा होतो, पण तो ज्या कामासाठी घेतला त्या कामी खर्च होत नाही. इलाख्यातील सुमारे नऊ-दशांश खेड्यांत, म्हणजे जवळजवळ दहा लक्ष मुलांसाठी, प्राथमिक शिक्षणाची काहीच सोय नाही. महसूल शेतकऱ्याच्या घामाचा आणि उच्च शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गाला, ही विसंगती त्यांनी निर्भीडपणे दाखविली. बारा वर्षांच्या वयापर्यंत शिक्षण सक्तीचे करावे, मास्तर शेतकरी वर्गातून घ्यावेत, असे त्यांचे म्हणणे होते.

म्युनिसिपालिट्यांविषयी त्यांनी तेथे जे सुचविले ते विशेष मननीय आहे. मोठ्या शहरांतील प्राथमिक शाळांचा सर्व खर्च म्युनिसिपालिट्यांनी द्यावा, परंतु त्या शाळांचा कारभार मात्र सर्वस्वी त्यांच्या हाती सोपवू नये. विद्याखात्याची देखरेख असावी. लोकल फंडाच्या समित्यांवर बसणारे पाटील, इनामदार व सरदार यांच्यावरही त्यांचा भरवसा नव्हता. सहा वर्षे आत बसून जे पाहिले त्यातून ही सावधगिरी आली होती, असे अनुमान करावयास हरकत नाही.

पुढच्याच वर्षी, १८८३ मध्ये, त्यांनी शेतकऱ्याचा असूड हा ग्रंथ पुरा केला. त्यात साऱ्यापासून लोकल फंडापर्यंत एकामागून एक पट्ट्यांनी शेतकरी कसा पिळला जातो याचे वर्णन आहे. आणि शहरात माळवे विकावयास आणणाऱ्या शेतकऱ्यास म्युनिसिपालिटीची जकात कशी नाडते, हेही आहे. ज्या संस्थेत आपण स्वतः बसलो तिला त्यांनी वगळले नाही.

अखेरची वर्षे कष्टाची गेली. ११ मे १८८८ रोजी मुंबईत जनतेने त्यांस महात्मा ही पदवी अर्पण केली. त्याच वर्षी अर्धांगाचा झटका येऊन उजवा हात निकामी झाला. डाव्या हाताने लिहून त्यांनी सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक पुरे केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे देहावसान झाले. इतरांच्या मुलांसाठी एवढे झगडलेल्या या पुरुषाच्या मागे सावित्रीबाई व दत्तक पुत्र यशवंत यांस ओढगस्तीत दिवस काढावे लागले.

आचार्य अत्रे म्युनिसिपालिटीत असताना त्यांच्या पुढाकाराने रे मार्केटचे नाव बदलून महात्मा फुले मंडई असे झाले. ज्या इमारतीस विरोध केला तिलाच नाव लागले, यावर जोतीराव मोठ्याने हसले असते. जकातीचा नाका पुण्यातून २०१३ मध्ये उठला. घरपट्टी मात्र राहिली आहे, आणि महाराष्ट्रातील शहरवासीयांच्या बिलावर तिच्याखाली शिक्षण कर अशी एक निराळी ओळ असते. तो कर १९६२ च्या कायद्याने आला. आपली नगरपालिका अथवा महानगरपालिका तो वसूल करते, परंतु रक्कम जमा होते ती राज्य शासनाकडे. ही गोष्ट नियमाने बिल भरणाऱ्या पुष्कळ घरमालकांसही ठाऊक नसते.