गणितसूर्य भास्कराचार्य

थोर पुरुषांची चरित्रे वाचताना आपण त्यांच्या कीर्तीकडे पाहतो. ती कीर्ती ज्या बुद्धीतून व श्रमातून उदयास आली, तिकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. भूमितीचा तास ज्यांना नीरस वाटतो, अशा आमच्या विद्यार्थिमित्रांसाठी भास्कराचार्यांचे हे अल्प चरित्र आम्ही सादर करीत आहोत.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मध्ये झाला. आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले विज्जलविड होय, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेविले आहे. हे गाव म्हणजे विजापूर, असे काही विद्वान मानतात. तर ते खानदेशात पाटण्याच्या परिसरात असावे, असे इतरांचे मत आहे. मराठी, कानडी व कोंकणी या तिन्ही भाषा एकाच बाजारात ऐकणाऱ्या आपल्या बेळगाव-निपाणी भागास अशा वादाचे नवल वाटू नये. दोन्ही प्रांत ज्यांना आपले म्हणतात, त्यांच्या ग्रंथांचा अभ्यासही दोन्हीकडे व्हावा, एवढीच आमची इच्छा आहे.

पिता महेश्वर हेच त्यांचे गुरू होते. वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा ग्रंथ सिद्ध केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित व गोलाध्याय असे त्याचे चार भाग आहेत.

सपाट आकृतींविषयी त्यांची दृष्टी किती सूक्ष्म होती, हे एका उदाहरणावरून कळेल. चौकोनाच्या केवळ चार बाजू सांगून त्याचे क्षेत्रफळ विचारणे त्यांना अज्ञानाचे वाटे. चार काड्या टोकांना दोऱ्याने बांधून पाहा. बाजू त्याच राहतात, पण चौकट दाबली की ती तिरपी होते आणि आतील जागा घटते. म्हणून कर्ण किंवा लंब ठाऊक असल्यावाचून उत्तर निश्चित होत नाही.

घनाकृतींतही त्यांनी हीच कसोटी लाविली. वर्तुळाच्या क्षेत्रफळास परिघाने गुणिले असता गोलाचे पृष्ठफळ मिळते, असा नियम त्यांच्यापूर्वीचे विख्यात ज्योतिषी लल्ल यांनी दिला होता. लल्लांविषयी भास्कराचार्यांस आदर होता. तथापि आदरापोटी त्यांनी चूक पदरात घेतली नाही. गोलाच्या परिघाच्या निम्म्याएवढा व्यास असलेले वर्तुळाकार वस्त्र अर्ध्या गोलावर घातले, तर तो अर्धगोल झाकून काही वस्त्र चुण्यांत शिल्लक राहते, असे त्यांनी दाखविले. समजा, चेंडूचा व्यास ७ आहे. तर परीघ सुमारे २२ व वर्तुळाचे क्षेत्रफळ ३८॥ होईल. लल्लांच्या नियमाने पृष्ठफळ ८४७ येते. परंतु ११ व्यासाची दोन वस्त्रे मिळून १९० च्या आसपासच भरतात आणि तेवढ्यात सारा चेंडू झाकला जातो! मग ८४७ खरे कसे असेल? खरे पृष्ठफळ वर्तुळाच्या चौपट, म्हणजे १५४ होय. गोलाच्या पृष्ठभागाचे आवळ्याच्या रेषांप्रमाणे भाग कल्पून त्यांनी या नियमाची उपपत्तीही दिली. तसेच, ज्यांची टोके मध्यबिंदूत मिळतात अशा असंख्य सूचींनी गोल भरलेला आहे, अशी कल्पना करून त्यांनी घनफळ काढिले. पृष्ठफळास व्यासाने गुणून सहाने भागावे, हा त्यांचा नियम आजही खरा ठरतो.

वयाच्या ६९ व्या वर्षी त्यांनी ‘करणकुतूहल’ हा ग्रंथ रचिला. त्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होते. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांनी पाटण येथे मठ स्थापिला, त्यास इ. स. १२०७ मध्ये दान मिळाल्याचा शिलालेख उपलब्ध आहे. पुढे इ. स. १५८७ मध्ये अकबराच्या दरबारातील फैजीने लीलावती फारसीत नेली आणि इ. स. १८१७ मध्ये कोलब्रुक यांनी ती इंग्रजीत आणिली.

विद्यार्थिमित्रहो, सूत्र फळ्यावर लिहून ते पाठ करावयास सांगण्याची चूक आम्हां शिक्षकांकडूनही होते. तेव्हा पुढच्या खेपेस सूत्र समोर आले की, चेंडू व कापडाचा तुकडा हाती घ्या आणि ते खरे आहे काय, हे स्वतः पडताळून पाहा. त्या थोर आचार्यांस याहून उचित वंदन दुसरे कोणते असणार?