नाताळची वाट बंद करणारे नामदार

आपल्यापैकी अनेकांचे आजोबा-पणजोबा गणित शिकले ते गोखल्यांच्या अंकगणितावर. ते पुस्तक लिहिणारे शिक्षक पुढे देशाच्या कायदेमंडळात गेले आणि तेथेही हिशेब मांडूनच बोलत राहिले. नामदार गोपाळ कृष्ण गोखले म्हटले की फर्ग्युसन महाविद्यालय आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक एवढे चटकन आठवते. दक्षिण आफ्रिकेतील हिंदी बांधवांसाठी त्यांनी जे केले ते मात्र पाठ्यपुस्तकांत एका ओळीत आटोपते. म्हणून या अंकात त्याविषयीच थोडे विस्ताराने लिहीत आहे.

९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे त्यांचा जन्म झाला. वडील लवकर गेले. थोरल्या भावाने नोकरी धरली आणि पंधरा रुपयांच्या पगारातून दरमहा आठ रुपये तो धाकट्याच्या शिक्षणासाठी पाठवू लागला. १८८४ मध्ये बी.ए. होऊन गोपाळराव पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले. न्यायमूर्ती रानडे यांच्या हाताखाली आकडे आणि सरकारी अहवाल वाचण्याची त्यांना जी सवय लागली, ती जन्मभर टिकली. १९०५ मध्ये त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. त्याच धर्तीवर लाला लजपतराय यांनी १९२१ मध्ये लाहोरला लोकसेवक मंडळ काढले. चंदीगडला स्थायिक झालेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी सेक्टर १५ मधील लाजपतराय भवन पाहिले असेल. त्याचे मूळ असे पुण्यापर्यंत येते.

आता मूळ विषय. १८६० पासून नाताळच्या उसाच्या मळ्यांत आणि पुढे कोळशाच्या खाणींत हिंदी मजूर पाच वर्षांच्या करारावर जात असत. त्या कराराला ते गिरमिट म्हणत. गिरमिट संपल्यावर तेथेच राहू पाहणाऱ्यावर वर्षाला तीन पौंडांचा कर होता. श्रम हवेत, पण माणूस शेजारी नको, असा हा सगळा व्यवहार. शेजारच्या ट्रान्सवालमध्ये तर हिंदी माणसाला बोटांचे ठसे देऊन नोंदणी करावी लागे, आणि नकार देणारे तुरुंगात जात होते.

१९०९ मध्ये ट्रान्सवालच्या हिंदी नागरिकांनी हेन्री पोलक यांना हिंदुस्थानात पाठविले. पोलक गावोगाव सभा घेत फिरले, वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत गेले, पुढाऱ्यांना भेटले. गोखल्यांनी त्यांना सर्वतोपरी साहाय्य केले. पण केवळ निषेधाच्या ठरावांनी काय होणार? नाताळच्या मळेवाल्यांना दुखेल असे एकच शस्त्र हिंदुस्थानच्या हाती होते, ते म्हणजे मजूर.

२५ फेब्रुवारी १९१० रोजी कलकत्त्यास कायदेमंडळात गोखल्यांनी ठराव मांडला, की नाताळसाठी होणारी गिरमिटिया मजुरांची भरती बंद करण्याचा अधिकार सरकारने घ्यावा. नाताळची भरभराट या मजुरांवर उभी आहे, हे त्यांनी पुराव्यानिशी दाखविले. गरिबांची रोजी बुडेल, हा आक्षेप गिरमिटाचे समर्थक नेहमी घेत. तो अगदीच पोकळ होता असे मला वाटत नाही. दुष्काळात घर सोडणाऱ्याला तीही वाट हवीशी वाटली असेल. परंतु निरक्षर माणसाने न समजलेल्या कागदावर अंगठा उठवायचा आणि परदेशात काम चुकले तर तुरुंगात जायचे, याला गोखले करार मानायला तयार नव्हते. सरकारने ठराव स्वीकारला, कायद्यात दुरुस्ती केली आणि १ जुलै १९११ पासून नाताळची भरती थांबली. हे प्रतिनिधी प्रजेने निवडलेल्या संसदेत बसत नव्हते. तेथे सरकारचेच बहुमत असे. मार्च १९१२ मध्ये सर्वच वसाहतींतील गिरमिट बंद करावे, असा ठराव त्यांनी आणला तेव्हा तो फेटाळला गेला. प्राथमिक शिक्षणाचे त्यांचे विधेयकही त्याच महिन्यात पडले.

ऑक्टोबर १९१२ मध्ये प्रकृती ढासळलेली असतानाही ते स्वतः दक्षिण आफ्रिकेत गेले. तेथील एक प्रसंग आपल्या शाळेने जपून ठेवावा असा आहे. हिंदी लोकांच्या सभांतून इंग्रजी न बोलता मराठीत बोलावे, असा आग्रह गांधीजींनी धरला. तेथे कोकणी मुसलमान होते, काही महाराष्ट्रीय हिंदूही होते. भाषांतर कोण करणार, असे विचारता गांधीजी स्वतःच पुढे झाले. गांधीजींच्या मराठीविषयी गोखल्यांना शंका होती आणि त्यांनी थट्टाही केली, पण ते मराठीत बोलले, आणि थेट झांजिबारपर्यंत हाच परिपाठ चालला.

प्रिटोरियात मंत्र्यांना भेटून तीन पौंडांचा कर रद्द होईल अशी खात्री घेऊन ते परतले. ती खात्री पाळली गेली नाही. १९१३ मध्ये खाणींतील आणि मळ्यांतील हजारो मजुरांनी काम सोडले. त्या वेळी गोखल्यांनी आजारपणातही देशभर निधी जमविला आणि अँड्र्यूज व पिअर्सन यांना तिकडे रवाना केले. १९१४ मध्ये कर रद्द झाला.

९ जानेवारी १९१५ रोजी गांधीजी मुंबईत उतरले. पुढच्याच महिन्यात, १९ फेब्रुवारीस, गोखले पुण्यात निवर्तले. वय अवघे अठ्ठेचाळीस.

१९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांचे शिष्टमंडळ पुन्हा दिल्लीस आले. त्या वेळी परदेशस्थ हिंदी लोकांचे खाते नागपूरच्या डॉ. ना. भा. खरे यांच्याकडे होते. मार्चमध्ये हिंदुस्थान सरकारने व्यापारी करार मोडण्याची नोटीस दिली आणि जुलैत दक्षिण आफ्रिकेशी व्यापार बंद केला. ती बंदी १९९३ पर्यंत कायम होती.