मेहर सिंग: लेहला पहिलं विमान उतरवणारा पायलट आणि विरळ हवेचं गणित

गूगलवर ‘मेहर बाबा’ टाइप केलं की आधी नगरजवळच्या मेहराबादचे आध्यात्मिक गुरू समोर येतात. पण भारतीय हवाई दलाने २०१८ मध्ये ड्रोनच्या थव्यांसाठी जी ‘मेहर बाबा’ स्पर्धा सुरू केली, तिच्या नावामागचा माणूस वेगळा आहे. ते म्हणजे एअर कमोडोर मेहर सिंग. लेहच्या धावपट्टीवर पहिलं विमान त्यांनी उतरवलं. आज तुम्ही मोबाइलवरून लेहची फ्लाइट बुक करता, त्या गोष्टीची सुरुवात इथून होते.

डोंगरांशी ओळख

मेहर सिंग यांचा जन्म १९१५ चा, तेव्हाच्या लायलपूर जिल्ह्यातला, म्हणजे आजच्या पाकिस्तानातला. इंग्लंडमधल्या क्रॅनवेलला ट्रेनिंग घेऊन १९३६ मध्ये ते हवाई दलात अधिकारी झाले. पहिली पोस्टिंग वायव्य सरहद्दीवर, वझिरिस्तानच्या डोंगरांत. तिथे एकदा गोळी लागून विमान दरीत उतरवावं लागलं, तरी ते आणि त्यांचा गनर दोघंही जिवंत परतले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी ब्रह्मदेशाच्या आघाडीवर ६ नंबरच्या स्क्वाड्रनचं नेतृत्व केलं आणि १९४४ मध्ये डीएसओ हे पदक मिळवलं. हे पदक मिळालेले भारतीय हवाई दलाचे ते एकमेव अधिकारी.

ऑक्टोबर १९४७ मध्ये काश्मीरमध्ये लढाई पेटली आणि तिथल्या हवाई कारवाईची जबाबदारी त्यांच्याकडे आली. पुंछ शहराला वेढा पडला होता आणि आत निर्वासितांची गर्दी होती. लोकांनी सैनिकांसोबत राबून छोटी धावपट्टी तयार केली आणि तिच्यावर डकोटा उतरू शकतं हे मेहर सिंग यांनी स्वतः उतरवून दाखवलं. पुढे तेलाच्या दिव्यांच्या उजेडात रात्रीसुद्धा विमानं उतरली. धोक्याची पहिली फेरी आपण स्वतः करायची, ही त्यांची पद्धत होती.

२४ मे १९४८

मे १९४८ पर्यंत हल्लेखोर लेहच्या दिशेने सरकत होते आणि झोजिला खिंडीतून जाणारा रस्ता तुटला होता. लेहमध्ये मोजकेच सैनिक होते. सोनम नोरबू या लडाखी इंजिनिअरने स्थानिक लोकांच्या मदतीने सिंधू नदीजवळ कच्ची धावपट्टी बनवून ठेवली होती, पण तिथे विमान कोणी उतरवलेलं नव्हतं.

२४ मे रोजी मेहर सिंग डकोटा घेऊन निघाले. सोबत मेजर जनरल थिमय्या होते. आजच्या विमानासारखी केबिनमध्ये हवेचा दाब राखण्याची सोय डकोटात नव्हती, पंखांवर जमणारा बर्फ काढायची यंत्रणा नव्हती आणि त्या मार्गाचा धड नकाशाही नव्हता. हिमालय ओलांडून ते लेहला उतरले आणि परतही आले. काही दिवसांतच गुरखा सैनिक विमानाने लेहला पोहोचू लागले आणि शहर वाचलं.

यात एवढं अवघड काय?

विमान उचललं जातं ते पंखांवरून वाहणाऱ्या हवेमुळे. हवा विरळ असेल तर तेवढंच वजन उचलायला वेग जास्त लागतो. आजचं लेह विमानतळ ३,२५६ मीटर उंचीवर आहे. तिथे थंडीतही हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण ७२ टक्केच असते. म्हणजे मुंबईत ताशी २०० किमी वेगाला उठणारं विमान तिथे २३५ च्या आसपास उठेल. फक्त वेगाचं गणित केलं तरी धावपट्टी ४० टक्के जास्त हवी. त्यात विरळ हवेत इंजिनाचा जोरही घटतो. उतरतानाही वेग जास्तच, त्यामुळे ब्रेकवर ताण.

आता यात ऊन मिसळा. हवा तापली की आणखी विरळ होते. लेहमध्ये पारा ३० अंशांवर गेला की विमानाच्या दृष्टीने ते विमानतळ जवळपास १५,००० फुटांवर असल्यासारखं वागतं. जुलै २०२४ च्या शेवटी याच कारणाने लेहच्या बऱ्याच फ्लाइट्स रद्द झाल्या होत्या.

दुपारनंतर दरीत वारंही वाढतं. एका टोकाला डोंगर असल्याने साधारणपणे एका दिशेने लँडिंग आणि उलट दिशेने टेक-ऑफ होतं. शिवाय एक इंजिन बंद पडलं तरी डोंगरांतून बाहेर पडता आलं पाहिजे, म्हणून वजन आधीच मोजूनमापून ठेवतात. कधी सामान कमी करावं लागतं, कधी प्रवासी. म्हणून तिथल्या फ्लाइट्स मुख्यतः सकाळी असतात आणि पायलटना खास ट्रेनिंग लागतं.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर मेहर सिंग यांनी डेमो चालवून दाखवला. रोजचं प्रॉडक्शन वेगळं असतं. तिथे हिमतीवर भागत नाही. वारा किंवा तापमान मर्यादेबाहेर गेलं की विमान उडवायचं नाही, हे आधीच ठरलेलं असावं लागतं.

शेवट

मेहर सिंग यांना महावीर चक्र मिळालं. १९४८ मध्येच त्यांनी हवाई दल सोडलं आणि पुढे ते पतियाळाच्या महाराजांचे सल्लागार झाले. मार्च १९५२ मध्ये विमान चालवत असताना ते वादळात सापडले आणि त्यातच गेले. ३७ वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

तेव्हा लेहला जाताना सकाळची फ्लाइट घ्या आणि परतीच्या दिवशी मुंबई-पुण्याहून पुढचं लगेचचं कनेक्शन ठेवू नका. एखादा दिवस हाताशी राहू द्या. हवामानामुळे रद्द झाल्याचा मेसेज आला तर चिडण्याआधी आठवा: तो निर्णय घेणाऱ्याने तुमच्या जिवाचा हिशेब केलेला असतो.